कफ्र अद-दव्वार : जयजयकार ज्यांचा केला, त्यांनीच फास आवळला

प्रश्न : इजिप्तचा लष्करी अधिकारी अहमद उराबी याच्या ब्रिटिशांविरुद्धच्या १८८२ च्या लढ्याबद्दल वाचताना इजिप्तमधल्या कफ्र अद-दव्वार या गावाचं नाव आलं. पुढे १९५२ मध्ये दोन गिरणी कामगारांना फाशी झाली, तिथेही हेच नाव. गाव एकच का? आणि नुकतीच राजाची सत्ता उलथवलेल्या लष्कराने कामगारांना फाशी का दिली?

उत्तर : गाव एकच, आणि दोन्ही घटना एकत्र वाचल्याशिवाय १९५२ ची जखम कळत नाही, असं मला वर्षानुवर्षं हा इतिहास शिकवताना वाटत आलं आहे.

कफ्र अद-दव्वार अलेक्झांड्रियाच्या आग्नेयेला. कैरोचा लोहमार्ग आणि अलेक्झांड्रियाला नाईलचं पाणी पोहोचवणारा महमुदिया कालवा, दोन्ही इथूनच जातात. ११ जुलै १८८२ रोजी ब्रिटिश आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या, तेव्हा उराबी मागे सरला आणि इथे पाय रोवून उभा राहिला. खंदक खणले, मातीचे बांध घातले, कालव्याचं पाणी अडवलं. ५ ऑगस्टला ब्रिटिश जनरल ॲलिसन चिलखती आगगाडी घेऊन चालून आला आणि चकमकीनंतर माघारी गेला. ही वाट बंद आहे हे ओळखून ब्रिटिश सेनापती वोल्सलीने मुख्य फौज सुएझ कालव्याकडे नेली. १३ सप्टेंबरला तेल अल-कबीरला उराबीचा पराभव झाला, पण कफ्र अद-दव्वारची फळी कोणी फोडली नव्हती. उराबी स्वतः फल्लाहाचा, म्हणजे शेतकऱ्याचा मुलगा. सैन्य म्हणजे आपलीच पोरं, हा विश्वास या मातीत मुरला तो असा.

१९३८ मध्ये बँक मिस्र या इजिप्शियन बँकेच्या उद्योगसमूहाने इथे तलम सुताची मोठी गिरणी काढली. २३ जुलै १९५२ ला ‘मुक्त अधिकारी’ या लष्करी अधिकाऱ्यांच्या गटाने राजाला हटवून सत्ता घेतली आणि तीनच आठवड्यांत, १२ ऑगस्टच्या रात्री, गिरणीत संप सुरू झाला. मागण्या साध्या होत्या : आपण निवडलेली युनियन, पगारवाढ, जाचक अधिकाऱ्यांची हकालपट्टी. कामगार या नव्या सत्तेचे प्रमुख जनरल नगीब यांच्या नावाने घोषणा देत होते. लष्कर आलं म्हणजे आपल्या बाजूचं कोणीतरी आलं, अशी त्यांची खात्री होती. मग गोळीबार झाला, माणसं मेली. लष्करी न्यायालय थेट गिरणीच्या आवारात बसलं. मुस्तफा खमीस आणि महंमद अल-बकरी या दोन कामगारांना मृत्युदंड सुनावला गेला. खमीसला तर वकीलही मिळाला नव्हता. सुनावणीला आलेल्या एका पत्रकाराने ऐन वेळी उभं राहून त्याची बाजू मांडली.

तुमच्या ‘का’चं उत्तर माझ्या मते ‘भीती’ हे आहे. नवख्या सत्तेला कम्युनिस्टांचा कट दिसत होता आणि एका गिरणीला सूट दिली तर संप देशभर पसरेल, असा धसका होता. सत्ता चालवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या क्रांतिमंडळातल्या खालिद मोहिउद्दीन यांच्यासारख्यांचा या शिक्षेला विरोध होता. फाशीवर सही करण्याआधी नगीब खमीसला स्वतः भेटले. चिथावणारे कोण ते सांग, शिक्षा कमी करतो, असं त्यांनी म्हटलं. खमीसने कोणाचंही नाव घेतलं नाही. ७ सप्टेंबरला दोघांना फाशी झाली. ९ सप्टेंबरला याच सरकारने जमीनदारांच्या जमिनींवर कमाल मर्यादा घालणारा कायदा केला. फल्लाहाला जमीन आणि त्याच्या गिरणीत गेलेल्या भावाला फास, हे दोन दिवसांच्या अंतराने! मला हे आजही पचत नाही.

गाव मात्र दबलं नाही. १९८४ मध्ये पाव, तेल, मॅकरोनी महागली, पगारातली कपात वाढली, तेव्हा कामगारांबरोबर सारं गाव रस्त्यावर आलं. रेल्वे रोखली गेली, पुन्हा माणसं मेली, पण भाववाढ मागे घ्यावी लागली. १९९४ च्या संपातही गोळ्या चालल्या. फेब्रुवारी २००७ मध्ये, महल्ला या दुसऱ्या गिरणीगावाच्या कामगारांनी बोनस मिळवल्याचं पाहून इथल्या हजारो कामगारांनी तीच गिरणी ताब्यात घेतली आणि तोच बोनस मागितला.