पोच मिळाली, पत्र पोचले नाही

ताई, मुलगी माध्यमिक शाळेत जाऊ लागून पाच आठवडे झाले, रोज सकाळी पोट दुखते म्हणते, शाळेबद्दल विचारले की ‘काही नाही, ठीक होते’ एवढेच उत्तर मिळते आणि गृहपाठाच्या वहीची अर्धी पाने कोरी असतात, असे आपण लिहिले आहे. शिकवणी लावावी का, वर्गशिक्षकांना भेटावे का आणि शाळाच बदलावी का, असे आपले तीन प्रश्न आहेत. पण मी अडखळलो ते मध्येच येऊन गेलेल्या एका वाक्यापाशी: ‘सुट्टीच्या दिवशी दुखत नाही, म्हणजे नाटकच असणार, असे हिच्या बाबांचे म्हणणे आहे.’ सहा वर्षांपूर्वी आमच्या घरी हे वाक्य जसेच्या तसे बोलले गेले होते आणि ते बोलणारा मी होतो. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

मी डॉक्टर नाही आणि शिक्षकही नाही. दोन मुलांचे हे वर्ष जवळून पाहिलेला एक पालक आहे. वेळापत्रक भिंतीवर लावा, दप्तर रात्रीच भरून ठेवा, हे आपण करतच असाल, त्यामुळे त्यात शिरत नाही.

माझ्या मुलीला प्राथमिक शाळेत असताना दोनदा लघवीचा संसर्ग झाला होता. दिवसभर ठरावीक अंतराने पाणी प्यायचे आणि लघवी तुंबवून ठेवायची नाही, अशी डॉक्टरांची स्पष्ट सूचना होती. प्राथमिक शाळेत दिवसभर एकच बाई असत, त्यांना सगळे ठाऊक होते आणि मुलीने नुसती करंगळी दाखवली तरी काम होत असे. माध्यमिक शाळेत प्रवेश घेताना मी डॉक्टरांची चिठ्ठी जोडून एक सविस्तर पत्र लिहिले, ते प्रवेशाच्या कागदांबरोबर कार्यालयात दिले, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली आणि ती प्रत घरच्या फाईलमध्ये नीट लावून ठेवली. एक जबाबदारी पार पडली, या समाधानात मी पुढचे अडीच महिने काढले. त्या वर्षी आम्हाला सर्वांत महाग पडलेली चूक तीच होती.

नव्या शाळेत तिला नऊ शिक्षक होते. पहिल्याच आठवड्यात एका तासाला तिने बाहेर जाण्याची परवानगी मागितली, तेव्हा ‘मधल्या सुट्टीत काय करत होतीस?’ असा प्रश्न सगळ्या वर्गासमोर आला आणि वर्ग हसला. मधल्या सुट्टीत ती काय करत होती, तर स्वच्छतागृहाच्या रांगेत उभी होती. मोठ्या वर्गांतल्या मुली पुढे घुसत, तीनपैकी एका दाराची कडी तुटलेली होती, आणि ते दार बाहेरून धरून ठेवायला मैत्रीण लागते, जी तिला अजून मिळालेली नव्हती. हे सारे मला फार उशिरा कळले. तिने मात्र त्यावर स्वतःचा उपाय शोधला होता आणि अकरा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने तो अगदी तर्कशुद्ध होता: पाणीच प्यायचे नाही.

बाटली रोज भरलेली परत येत होती. मी ती रोज संध्याकाळी माझ्या हाताने खिडकीतल्या कुंड्यांत रिकामी करत होतो. शाळेत पाण्याची सोय चांगली असेल, घरचे पाणी लागत नसेल, अशी माझी समजूत होती. झाडे त्या वर्षी छान वाढली.

याच काळात तिचे चाचणीतले गुण घसरले. अडचण अभ्यासाचीच आहे, असे आम्ही ठरवून टाकले आणि शिकवणी लावली. संध्याकाळचा खेळण्याचा एक तास गेला, गृहपाठ रात्रीवर गेला आणि झोप तासाभराने कमी झाली. पोटदुखी वाढली, तेव्हा शाळा टाळण्याचे निमित्त म्हणून मी तिला दोनदा रागावलोही. तिसऱ्या महिन्यात एके दिवशी ती थंडी वाजून तापाने फणफणली. संसर्ग पुन्हा झाला होता आणि या वेळी चांगलाच वर चढला होता. दहा दिवस शाळा बुडाली. तपासताना डॉक्टरांनी तिलाच विचारले, ‘शाळेत शेवटचे पाणी कधी प्यायलीस?’ ती बराच वेळ आठवत राहिली. लघवी रोखून धरणे, पाणी कमी पडणे आणि त्यातून होणारी बद्धकोष्ठता यांचा अशा संसर्गाशी थेट संबंध असतो आणि या तिन्हींमुळे पोटातही दुखते, हे त्यांनी नंतर आम्हाला समजावून सांगितले. सुट्टीच्या दिवशी पोट का दुखत नव्हते, याचे उत्तर त्यात होते. त्या दिवशी ती घरी असे, पाणी पीत असे आणि मनात येईल तेव्हा उठून जात असे.

त्यानंतर मी शाळेत गेलो. वर्गशिक्षकांनी शांतपणे सांगितले, ‘माझ्याकडे असे काही आलेले नाही, ते कार्यालयातून यायला हवे.’ कार्यालयात उत्तर मिळाले, ‘पत्र मिळालेले आहे, पोच तुमच्याच हातात आहे.’ दुसऱ्या खेपेला कळले की वैद्यकीय बाबी वर्गशिक्षकांकडे असतात. तिसऱ्या खेपेला मी खुर्ची सोडली नाही, तेव्हा कपाटातून तिच्या प्रवेशाची फाईल निघाली. जन्मदाखला आणि दोन छायाचित्रे यांच्या मध्ये माझे पत्र होते, एकही घडी न मोडलेले, कोपऱ्यात ठळक शिक्का असलेले. ते कोणी उलगडलेलेच नव्हते. समोरचे गृहस्थ सौम्यपणे म्हणाले, ‘हे कोणाला द्यायचे, ते यावर लिहिलेले नाही.’ मला आजही त्या वाक्याचा संताप येतो, आणि ते खरे होते हेही मान्य करावे लागते. पत्राच्या माथ्यावर मी ‘माननीय मुख्याध्यापक’ असे लिहिले होते, आत दीड पान पूर्वेतिहास होता आणि कोणी नेमके काय करावे याचा एका ओळीतही उल्लेख नव्हता. तरीही अकरा वर्षांच्या मुलीच्या फाईलमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी लावताना ती एकदा उघडून वाचावी, एवढी अपेक्षा काही जास्त नव्हती. असो.

प्राथमिक आणि माध्यमिक शाळांमधला मोठा फरक अभ्यासक्रमाचा आहे, असे आपण पालक धरून चालतो. माझ्या मते तो दुसरीकडे आहे. प्राथमिक शाळेत एक माणूस मुलाला दिवसभर पाहतो. माध्यमिक शाळेत आठ-नऊ माणसे त्याला आपापल्या तासापुरते पाहतात आणि पूर्ण मूल कोणालाच दिसत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॅकलिन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली हाच मुद्दा संशोधनातून मांडला होता. ज्या वयात मुलांना थोडी मोकळीक हवी असते आणि घराबाहेरच्या एखाद्या मोठ्या माणसाचा विश्वासू आधार हवा असतो, नेमक्या त्याच वयात शाळा अधिक मोठी, अधिक नियमबद्ध आणि अधिक परकी होते, आणि या काळात मुलांचा उत्साह व गुण घसरण्यामागे ही विसंगती बरीच असते, असे त्यांचे म्हणणे आहे. हे मी आधी वाचले असते, तर शिकवणीच्या आधी तुटलेल्या कडीची चौकशी केली असती, असे म्हणायला आवडेल. केली असती की नाही, देव जाणे.

म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. वर्गशिक्षकांना जरूर भेटा, परंतु तक्रार घेऊन जाऊ नका आणि पालकसभेच्या गर्दीतही गाठू नका. पंधरा मिनिटांची वेळ मागून घ्या. तेथे जाऊन मिळवायची गोष्ट एकच: आपल्या मुलीकडे पूर्णपणे पाहणारा शाळेतला एक माणूस. तो वर्गशिक्षकच असला पाहिजे असे नाही. आमच्या बाबतीत तो माणूस म्हणजे ग्रंथपाल बाई ठरल्या, कारण मधल्या सुट्टीत माझी मुलगी एकटी पडल्यामुळे ग्रंथालयातच जाऊन बसत असे आणि तिला दिवसाकाठी दहा मिनिटे सलग पाहणारी शाळेतली ती एकमेव व्यक्ती होती. खेळाचे शिक्षक असतील, चित्रकलेचे असतील, मुलीला ज्यांची भीती वाटत नाही असे कोणीही चालेल. ते नाव मुलीकडूनच काढून घ्या.

तिची एखादी वैद्यकीय किंवा अन्य गरज असेल, तर पत्र अर्ध्या पानाचे करा. पहिल्या ओळीत गरज, दुसरीत शिक्षकांनी नेमके काय करायचे, तिसरीत तसे न केल्यास काय होते, आणि खाली आपला दूरध्वनी क्रमांक. पूर्वेतिहास डॉक्टरांसाठी राखून ठेवा. जितके शिक्षक तितक्या प्रती काढा, प्रत्येकीवर विषयाचे नाव लिहा आणि त्या सर्वांपर्यंत पोचल्या का, हे आठवड्याभराने पुन्हा विचारा. आमच्या दुसऱ्या पत्रानंतर वर्गशिक्षकांनी एक छोटे कार्ड करून दिले. बाहेर जायचे असेल तेव्हा ते बाकाच्या कडेला ठेवायचे आणि न विचारता उठायचे, असे ठरले. ते कार्ड तिने वर्षभरात जेमतेम दहा-बारा वेळा वापरले असेल. खिशात आहे एवढ्यानेच ती पाणी पिऊ लागली. (मुलींच्या पालकांसाठी जाता जाता: पाळी अजून आलेली नसली, तरी दप्तराच्या आतल्या कप्प्यात एका छोट्या पिशवीत दोन पॅड आणि एक जादा चड्डी पहिल्या दिवसापासून असू द्या, आणि ती कशासाठी आहे ते तिला आधीच सांगून ठेवा.)

शिकवणीबद्दल माझे मत एकांगी आहे, ते त्याच बेताने घ्यावे. पहिले सत्र संपेपर्यंत शिकवणी लावू नये. वही कोरी आहे याचा अर्थ अभ्यास येत नाही असाच होतो असे नाही. अनेकदा गृहपाठ घंटेच्या अगदी आधी, घाईत सांगितला जातो आणि तो उतरवून घेण्याआधीच मूल पुढच्या तासाच्या वह्या काढू लागते. केलेला नाही की लिहूनच घेतलेला नाही, हे आधी पाहा. दुसरे असेल, तर शिकवणीपेक्षा शेजारच्या बाकावरच्या मुलीचा दूरध्वनी क्रमांक अधिक उपयोगी पडेल. शिकवणीच्या तासाची किंमत बहुधा झोपेतून वसूल होते, हा माझा दुसरा आक्षेप. अमेरिकेतील निद्रावैद्यक संस्थेने २०१६ साली दिलेल्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. वयात येताना शरीराचे घड्याळच पुढे सरकते आणि झोप उशिरा येऊ लागते, त्यामुळे शाळेची वेळ लवकरची असेल तर हे गणित आधीच तंग असते. त्यात आणखी एक तास घालायला जागा कुठे आहे?

‘शाळा कशी होती?’ या प्रश्नाला ‘ठीक’ हेच उत्तर मिळणार, मोठ्या माणसालाही कामावरून आल्यावर असे विचारले तर तो तेच सांगतो. आम्ही नंतर प्रश्न बदलले. मधल्या सुट्टीत कुठे उभी होतीस, डबा खाताना शेजारी कोण होते, आज कोणत्या तासाला खोली सापडायला वेळ लागला, असे ज्यांचे उत्तर एखादी जागा किंवा एखादे नाव असते असे प्रश्न विचारायचे, तेही समोरासमोर बसवून नव्हे, तर भांडी पुसताना किंवा रस्त्याने चालताना. पहिले काही दिवस तुटक उत्तरे आली. कडीची गोष्ट अशाच एका संध्याकाळी, कपड्यांच्या घड्या घालताना बाहेर पडली.

आणखी एक गोष्ट आम्ही योगायोगाने केली होती आणि तिला पुढे संशोधनाचा आधार असल्याचे वाचनात आले. माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाने तिला स्वतःच्या पहिल्या महिन्यांची फजिती सांगितली: चुकीच्या वर्गात जाऊन बसलेला अख्खा तास, एकट्याने खाल्लेला डबा, आणि हिवाळ्यापर्यंत हे सगळे कसे आपोआप विरून गेले ते. अमेरिकेत जेफ्री बोर्मन आणि सहकाऱ्यांनी ११ शाळांमध्ये नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांकडून वर्षाच्या सुरुवातीला असेच काहीसे करून घेतले होते, ते संशोधन २०१९ साली प्रसिद्ध झाले. सुरुवातीला परके वाटणे सर्वांच्याच वाट्याला येते आणि ते हळूहळू सरते, हे वरच्या वर्गातील मुलांचे अनुभव वाचून त्यावर थोडेसे लिहायचे, एवढाच तो उपक्रम होता. त्या मुलांची हजेरी आणि गुण सुधारले आणि शिस्तीच्या तक्रारी घटल्या. आई-वडिलांनी हेच सांगितले तर त्याला उपदेशाचा वास येतो. दोन वर्षांनी मोठे असलेले एखादे भावंड, आते-मामेभाऊ किंवा शेजारची ताई सापडते का, ते पाहा.

शाळा बदलण्याचा प्रश्न मी पाच आठवड्यांवर सोडवणार नाही. नव्या शाळेतही आठ-नऊ शिक्षक असतील, एक कार्यालय असेल, आणि तिला सगळ्या खोल्या पुन्हा शोधाव्या लागतील. परंतु कोणी मारत असेल, धमकावत असेल, अंगाला हात लावत असेल, किंवा मुलगी जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर वर लिहिलेले सगळे बाजूला ठेवा, सत्र संपण्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि डॉक्टरांना दाखवा. तसे काही नसले, तरीही रोजच्या पोटदुखीसाठी एकदा डॉक्टरांकडे जाऊन या आणि जाताना तिला आत एकटीने बोलायला पाच मिनिटे द्या. तिच्या बाबांनाही बरोबर न्या. आणि आज ती घरी आली की तिची बाटली रिकामी करण्याआधी किती भरली आहे ते पाहा, आणि येथे कळवा.