स्वयंपाकघराचं दार कुणी लोटलं?

प्रश्न: गेली सहा वर्षं मी आमच्या चर्चच्या मंडळीतलं सेवाकार्य बघते. आजाऱ्यांच्या भेटी, गरजूंना कपडे, तुरुंगातून सुटलेल्यांना काम मिळवून देणं, असं बरंच चालतं. पण राबणारे तेच ते चारजण. बाकीचे उपासनेला येतात, आमेन म्हणतात आणि घरी जातात. पाळकसाहेबही म्हणतात, ‘आधी आत्म्याचं बघा, समाजाचं मागून.’ म्हणून मी दर रविवारी उपासनेनंतर आमच्या घरी शास्त्राभ्यास सुरू केला. जेवणही आमच्याकडेच. पंधरा-वीसजण येतात. कामाच्या बाई रविवारीही येतात, त्यामुळे मला बसता येतं. गेल्या वेळी बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 58वा अध्याय घेतला. मध्येच भांड्यांचा आवाज यायला लागला म्हणून कुणीतरी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. चर्चा छान रंगली, पण सेवेसाठी नावं द्यायची वेळ आली तेव्हा दोनच हात वर. न्याय हा विश्वासाचाच भाग आहे, हे या लोकांच्या गळी कसं उतरवू?

उत्तर: ताई, पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुमच्या पाळकसाहेबांचा राग आला होता. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा ते आणि तुमची मंडळी दोघंही मागे पडले. मी त्या दारापाशीच अडकले.

यशयाचा तो अध्याय तुम्ही कुठून वाचायला घेतलात? सहाव्या वचनापासून, हा माझा अंदाज. बहुतेकजण तिथूनच घेतात: दुष्टाईच्या बेड्या तोडा, भुकेल्याला आपल्यातलं द्या, बेघराला घरात घ्या. नासरेथच्या सभास्थानात येशूने वाचून दाखवलं, त्यातही सहाव्या वचनातली एक ओळ गुंफलेली आहे. तेव्हा तुमची निवड चुकली असं मी म्हणणार नाही. पण तीन वचनं मागे जा. लोक देवाकडे गाऱ्हाणं करताहेत: आम्ही उपास करतो आणि तू बघतही नाहीस. यावर देव लगेच भुकेल्यांचा विषय काढत नाही. तो म्हणतो, उपासाच्याच दिवशी तुम्ही आपल्या कामकऱ्यांना राबवून घेता. अध्याय संपतो तो शब्बाथावर, म्हणजे आठवड्याच्या सातव्या, विसाव्याच्या दिवसावर, तेराव्या-चौदाव्या वचनात. सुरुवातीला राबणारे, शेवटी विसावा. मधला भाग तुम्ही बैठकीच्या खोलीत वाचलात. दोन्ही टोकं दाराआड भांडी घासत होती.

रविवार म्हणजे शब्बाथ नव्हे, हे मला ठाऊक आहे. त्यावर कृपया पत्रं पाठवू नका. वार कोणताही धरा, पण आज्ञा नीट वाचा. शब्बाथाची आज्ञा बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात पुन्हा येते, तेव्हा तिच्यात दास आहे, दासी आहे, बैल आणि गाढवही आहे. कारणही दिलं आहे: तुझ्याप्रमाणेच त्यांनाही विसावा मिळावा, कारण तूही मिसर देशात दास होतास. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात तर दासीच्या मुलाचीही आठवण ठेवली आहे. दासी बाळगणं ज्या काळात कुणाला खटकत नव्हतं, त्या काळातही तिचा एक दिवस बाजूला काढलेला होता.

सुट्टीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 साली रविवारच्या विश्रांतीचा हुकूम काढला आणि त्यातच शेतीकाम करणाऱ्यांना मोकळीक दिली. मोकळीक म्हणजे राबायची. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1921 साली साप्ताहिक सुट्टीचा करार केला तो कारखान्यांसाठी. दुकानं आणि कचेऱ्यांची पाळी 1957 साली आली. घरकाम करणाऱ्यांना आठवड्यात सलग चोवीस तास विसावा हवा, हे तिच्या करारात लिहिलं गेलं 2011 साली. कारखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत पोहोचायला नव्वद वर्षं! आणि हे सगळं ज्या आज्ञेत आधीपासून होतं, ती तुम्हाला लहानपणापासून पाठ आहे.

आता तुम्ही म्हणाल, त्या स्वतःच यायला तयार असतात. असतीलच. पण नाही म्हटलं तर काम राहील की जाईल, हे ज्याला ठाऊक नसतं त्याच्या ‘चालेल’चा अर्थ काय घ्यायचा? तुम्ही म्हणाल, मी त्यांचं खूप करते. तेही खरं असेल. पण तुम्ही तुरुंगातून सुटलेल्यांसाठी वणवण केलीत ती त्यांना भीक नको, काम हवं म्हणून. दया आणि हक्क यांतला फरक तुम्हाला मी सांगायला नको. तो फक्त उंबऱ्याबाहेर चालतो, एवढंच.

आणि ते दार. ते तुम्ही लोटलं नाहीत, ‘कुणीतरी’ लोटलं. पण उठून ते उघडलंही नाही कुणी. ज्या अध्यायात ‘आपल्या माणसापासून तोंड लपवू नका’ असं येतं, तोच समोर उघडा होता. पंधरा-वीस माणसं, त्यांतल्या एकाच्याही मनात आलं नाही की आधी सगळे मिळून भांडी घासू आणि मग वाचायला बसू. या लोकांच्या गळी न्याय कसा उतरवू, असं तुम्ही विचारता. अहो, त्यांच्या गळी जे उतरायचं ते उतरलंच आहे: न्याय हा बसून बोलायचा विषय असतो आणि तो चालू असताना आवाज होऊ द्यायचा नसतो. हा धडा त्यांना तुमच्याच घरी मिळाला.

करिंथ शहरातल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीचंही जेवणावरूनच बिनसलं होतं. एकत्र जमायचे, पण कुणी पोटभर खाऊन-पिऊन तर्र, कुणी उपाशी. प्रेषित पौलाने त्यांना प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचा, अर्थ सांगितला तो या भानगडीच्या मधोमध, आणि शेवटी सांगितलं काय, तर जेवायला एकमेकांसाठी थांबा. प्रभुभोजनाच्या वेळी आपण त्याच अध्यायातली वचनं वाचतो. हा शेवट सहसा वाचला जात नाही.

तेव्हा मंडळी जागी करायचं सध्या राहू द्या. या शनिवारी त्या बाईंना सांगा की उद्यापासून दर रविवारी सुट्टी, आणि पगारातला एक पैसाही कमी होणार नाही. रविवारचे वेगळे पैसे देत असाल तर ते महिन्याच्या पगारात मिळवून टाका. विसाव्याची किंमत त्यांच्या खिशातून जाता कामा नये. सांगताना वचन वगैरे वाचून दाखवू नका. ‘आता तुम्हीही आमच्या अभ्यासाला येत जा,’ हे तर अजिबात नको. त्या दिवसभर झोपल्या तर झोपू देत. मंडळीत याची साक्षही देऊ नका. हे उपकार नाहीत, थकबाकी आहे.

रविवारी लोक येतील. जेवण झालं की पाणी तापवा आणि बाह्या सारून आधी तुम्ही मोरीवर उभ्या राहा. कुणाला बोलावू नका, कुणी आलं तर नाही म्हणू नका. त्या दिवशी अर्धाच अध्याय झाला तर अर्धाच होऊ दे. एकच सांभाळा: सोमवारी त्या येतील तेव्हा रविवारचं एकही भांडं त्यांच्यासाठी भिजत पडलेलं नसावं.