जानेवारीत कॅमेरा घेऊन उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर चाललोय. सह्याद्रीत बरंच भटकलोय, बर्फात पहिल्यांदाच. कॅमेऱ्याची आणि स्वतःची काय काळजी घेऊ?

तुमच्या प्रश्नात कॅमेरा आधी आलाय आणि तुम्ही नंतर. मी उलट्या क्रमाने सांगतो.

हिवाळ्यात मी तीनदा केदारकंठाला गेलोय, तिन्ही वेळा कॅमेरा घेऊन. निघण्याआधी मिळणाऱ्या सूचनांमध्ये एक गोष्ट कधीच नसते: फोटो काढणारा माणूस थांबतो. बाकीचे चालत राहतात म्हणून त्यांचं अंग गरम राहतं. आपण मात्र चढून घामेजलेले असतो आणि तसेच उजेडाची वाट बघत वीस-वीस मिनिटं उभे राहतो. सह्याद्रीत हे खपून जातं. कळसूबाई १,६४६ मीटर, तिथे डिसेंबरच्या पहाटे वारा झोंबतो एवढंच. केदारकंठा साधारण ३,८०० मीटर आहे. जानेवारीत सूर्योदयाआधी माथ्यावर पारा उणे दहाच्याही खाली जातो आणि वरून वारा.

म्हणून पहिला नियम असा ठेवा: थांबलात की आधी जाकीट, मग कॅमेरा. डाऊन (पिसं भरलेलं) जाकीट सॅकमध्ये सगळ्यात वर हवं. चढताना घाम येऊ देऊ नका, एक थर कमी घालून सावकाश चाला. सुती बनियन घरीच ठेवा, एकदा ओलं झालं की ते वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. सोबतचा कुणी अडखळत बोलायला लागला, चेन लावता येईना, पाय ओढायला लागला, तर तो दमलेला नाही, त्याचं शरीर थंड पडतंय. तिथेच फोटो बंद. त्याला कोरडे कपडे, गरम आणि गोड काहीतरी प्यायला द्या आणि खाली न्या.

बोटांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ते मी भोगलंय. दुसऱ्या खेपेला माथ्याच्या अलीकडे थांबलो होतो. समोरच्या स्वर्गारोहिणी शिखराच्या मागे आकाश लाल व्हायला लागलं होतं आणि ट्रायपॉडवर कॅमेरा अडकवायची प्लेट सैल झालेली. हातमोजे काढून नाण्याने स्क्रू पिळत बसलो. फार तर चार मिनिटं गेली असतील. मग शटर दाबलं, आवाज आला, पण बोटाखाली बटण आहे हे कळलंच नाही. हेडलॅम्प टाकून पाहिलं तर उजव्या हाताची दोन बोटं टोकाला मेणबत्तीसारखी पांढरी. आमच्या गाइडने एक शब्द न बोलता स्वतःच्या जाकिटाची चेन उघडली आणि माझा हात काखेत दाबून धरला. दहा मिनिटांनी संवेदना परत आली तेव्हा कळेने डोळ्यांत पाणी आलं. बोटं वाचली. लक्षात ठेवा, अशी बोटं चोळायची नाहीत, बर्फाने तर नाहीच, आणि शेकोटीवरही धरायची नाहीत, कारण बधिर कातडी भाजलेली कळत नाही. अंगाचीच ऊब द्यायची.

तेव्हापासून पातळ हातमोजे हातातून निघतच नाहीत, त्यावर जाड मिटन्स (चारही बोटं एकत्र झाकणारे मोजे), दोरीने मनगटाला बांधलेले. प्लेट आदल्या रात्री तंबूतच घट्ट करतो. ट्रायपॉडच्या पायांना एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम लावलाय, नाहीतर धातू हातमोज्यांतूनही गारठवतो.

आता उभं कुठे राहायचं. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे सरकायचं नाही, एक पाऊलसुद्धा. धारेवर वाऱ्याने बर्फाचा छज्जा तयार होतो, वरून तो पक्की जमीन वाटतो आणि खाली पोकळ असतो. वाटेवरचा जुडा का तालाब गोठलेला दिसला तरी फ्रेमसाठी त्यावर पाऊल टाकू नका. आणि मळलेली वाट सोडून कोऱ्या उतारावर जाण्याचा मोह होईल, कारण पावलं न उमटलेला बर्फ फोटोत सुंदर दिसतो. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरच बहुतेक हिमस्खलनं होतात, आणि नव्या बर्फानंतरचे एक-दोन दिवस सगळ्यात वाईट. केदारकंठाच्याच उत्तरकाशी जिल्ह्यात ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलनात २५ हून अधिक गिर्यारोहक गेले, आणि ते प्रशिक्षण घेणारे नि देणारे लोक होते. केदारकंठाची नेहमीची वाट त्या मानाने सोपी आहे, पण ती वाट म्हणजेच वाट. बर्फाखाली गाडलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत उकरून काढलं तर जगण्याची आशा चांगली असते, पुढे ती झपाट्याने घटते. फोटोसाठी अर्धा तास मागे राहिलेल्याला उकरणार कोण? एक जोडीदार ठरवा, त्याला तुमच्यासोबत थांबायला सांगा.

सूर्योदय चुकेल म्हणून डोकेदुखी लपवू नका. उंचीची बाधा फिटनेस बघत नाही. डोकं दुखतंय, मळमळतंय तर आणखी वर चढू नका. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जायला लागला तर रात्र असली तरी खाली. तंबूत स्टोव्ह किंवा निखारे कधीच नकोत.

गॉगल व्ह्यूफाइंडरसाठी कपाळावर चढवला की तो तिथेच राहतो. ताजा बर्फ सूर्याचे बहुतांश अतिनील किरण परत फेकतो. त्रास संध्याकाळी सुरू होतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखा.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. बॅटऱ्या छातीजवळच्या आतल्या खिशात आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा. संपत आल्याची लाल खूण दाखवणारी बॅटरी बाजूला टाकू नका, गरम झाली की थोडे फोटो आणखी देते. कॅमेरा मात्र स्लीपिंग बॅगमध्ये नको, श्वासाची वाफ धरते. गरम खोलीत शिरण्याआधी बाहेरच झिपलॉक पिशवीत बंद करा आणि आत गेल्यावर दोन तास उघडू नका, म्हणजे दव पिशवीवर बसेल, लेन्समध्ये नाही. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर बर्फाला राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोतला उजेड) एक ते दीड स्टॉप वाढवा आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढा. एकच झूम लेन्स न्या, वाऱ्यात लेन्स बदलायचीच नाही.

परदेशातल्या भावाने दिलेला सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र) असेल तर घरी ठेवा, भारतात परवान्याशिवाय तो वापरणं बेकायदा आहे. त्याऐवजी घरी आणि गाइडकडे परतीची वेळ सांगून ठेवा.

मायक्रोस्पाइक्स (बुटांखाली लावायचे खिळे) आणि गेटर्स (बुटांत बर्फ जाऊ न देणारी पायपट्टी) पायथ्याच्या सांक्री गावात भाड्याने मिळतात, विकत घेऊ नका. हातमोजे मात्र आत्ताच घ्या आणि दिवे घालवून घरच्या गच्चीवर ते घालूनच डायल फिरवा, बॅटरी बदला, कार्ड काढा. जे तिथे जमणार नाही, ते माथ्यावर करायला जाऊ नका.