वाचकांचे प्रश्न : बंद खोली, एसी आणि ताजी हवा

प्रश्न : आमची अभ्यासिका ३० बाय २४ फुटांची आहे, उंची १० फूट. ४० खुर्च्या आणि दोन टनांचे तीन स्प्लिट एसी आहेत. दुपारनंतर मुलं पेंगतात, कोंदट वास येतो. कुणी इआरव्ही (एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर, म्हणजे बाहेरची ताजी हवा आत आणताना एसीचा गारवा वाचवणारं यंत्र) बसवा म्हणतं, कुणी एक्झॉस्ट फॅनवर भागेल म्हणतं. काय करावं?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : स्प्लिट एसी बाहेरची हवा घेतच नाही. खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो. शांत बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे ४० जणांचा ७२० लिटर. तुमच्या खोलीत हवा आहे सुमारे २०४ घनमीटर. दारं-खिडक्या पक्क्या बंद असतील तर तासाभरात कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण साडेतीन हजार पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत साडेतीन हजार भागांनी) चढतं. बाहेर ते ४२०च्या आसपास असतं. दाराची उघडझाप होते म्हणून तुमच्याकडे जरा कमी भरेल, इतकंच. पेंगण्याचा सगळा दोष डब्यातल्या भाताला देऊ नका.

माणशी १५ सीएफएम (मिनिटाला १५ घनफूट) ताजी हवा धरा. एकूण ६०० सीएफएम, म्हणजे तासाला हजारेक घनमीटर. एवढी हवा आली की प्रमाण ११००च्या जवळपास स्थिरावतं. सहा-आठ तास बसणाऱ्या मुलांसाठी यापेक्षा हात आखडू नये.

एक्झॉस्ट फॅन हवा बाहेर फेकतो. तेवढीच हवा मग जिन्यातून, दाराच्या फटीतून, संडासाच्या बाजूने आत ओढली जाते. ती गाळलेली नसते, गारही नसते. इआरव्हीत दोन पंखे असतात, एक हवा आत आणतो, दुसरा बाहेर काढतो. दोन्ही प्रवाह एका कोअरमधून (पातळ पडद्यांच्या गाभ्यातून) शेजारून जातात, पण मिसळत नाहीत. पडद्यातून उष्णता आणि वाफ मात्र इकडून तिकडे जाते.

एप्रिलात बाहेर ३८ आणि आत २६ अंश असताना ६०० सीएफएमचा बोजा एसीवर टनाहून (एसीची गार करण्याची ताकद ज्यात मोजतात तो टन) थोडा जास्त पडतो. ७० टक्के कार्यक्षमतेचा कोअर ३८ची हवा ३०च्या खाली आणून देतो, पाऊण टन वाचतो. पण सांगलीत खरी परीक्षा जुलैत. बाहेरही २६ अंशच, पण आर्द्रता ८५ टक्के. खोलीत ५५ टक्के ठेवायची तर तासाला साडेसात लिटर पाणी हवेतून काढावं लागतं. हा बोजा दीड टनाच्या घरात जातो, एप्रिलपेक्षा जास्त! त्यात गंमत अशी की तापमान आधीच २६ असल्याने कॉम्प्रेसर लवकर थांबतो आणि कॉइलवरचं (एसीतल्या गार नळ्यांवरचं) पाणी पुन्हा हवेत मिसळतं. वह्यांची पानं मऊ पडतात, कोपऱ्यात बुरशी धरते ती यामुळे. म्हणून फक्त उष्णता परत मिळवणारं एचआरव्ही इथे घेऊ नका. वाफही अडवणारा कोअरच हवा. ओलाव्याची कार्यक्षमता ५५-६० टक्क्यांची आहे का, हे कोटेशनवर लिहून घ्या. विक्रेता बहुतेक वेळा तापमानाचा आकडाच पुढे करतो. उरलेल्या तीनेक लिटरसाठी पावसाळ्यात एसी ‘ड्राय’ मोडवर ठेवा.

तासाला ५०० घनमीटरची दोन यंत्रं घ्या, एक बिघडलं तरी निम्मी हवा येत राहील. प्रत्येकाला गोल ८ इंची डक्ट (हवा नेणारा पाइप) किमान, आवाज नको असेल तर १० इंची. फ्लेक्सिबल डक्ट फक्त शेवटचे तीन-चार फूट, तोही ताणून. लोंबकळला की बरीच हवा तिथेच अडते. बाहेरची हवा घेण्याचं तोंड आणि फेकण्याचं तोंड यांत १० फुटांचं अंतर ठेवा, नाहीतर फेकलेलीच हवा पुन्हा आत येईल. घेण्याचं तोंड जनरेटर आणि पार्किंगपासून लांब असावं. संडासाचा एक्झॉस्ट इआरव्हीला जोडू देऊ नका. त्याला वेगळा पंखा लावा.

प्रश्न : बंगला बांधतोय. एसी एकाच बेडरूमला. घरभर इआरव्ही लावावं का?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : नको. एसी नसलेल्या खोलीत वाचवायला काही नसतंच. समोरासमोर खिडक्या ठेवा, वर झडपा द्या. प्रत्येक बाथरूमला ५० सीएफएमचा एक्झॉस्ट आणि स्वयंपाकघरात धूर थेट बाहेर नेणारी, किमान १०० सीएफएमची चिमणी पुरे. मात्र गॅस गिझर बाथरूममध्ये बसवायचाच नाही. बंद बाथरूममध्ये एक्झॉस्ट चालू केला की गिझरचा जळका वायू उलटा आत ओढला जाऊ शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गिझर बाहेर मोकळ्या हवेत लावा, आत फक्त पाण्याची नळी आणा.

प्रश्न : दवाखान्यात इआरव्ही लावून आठ महिने झाले. आता जाळीतून हवा येत नाही आणि पावसात फॉल्स सीलिंगला ओल येते.
– एक वाचक, कराड

उत्तर : आधी फिल्टर काढून बघा. ऊसतोडीनंतर शेतात पाचट जाळतात, त्याची काजळी फिल्टरवर काळ्या मखमलीसारखी बसते. नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याला, एरवी तीन महिन्यांनी साफ करा. फिल्टर धुण्याजोगा असेल तर पाण्याने धुवा, पण कोअर कागदी असेल तर त्याला पाणी लावू नका. व्हॅक्युम क्लीनरच्या मऊ ब्रशने हलक्या हाताने धूळ ओढा. मग जाळीजवळ टिश्यू पेपर धरा. हवा देणाऱ्या जाळीवर तो फडफडला पाहिजे, ओढणाऱ्या जाळीला चिकटला पाहिजे.

ओलीचं कारण बहुतेक डक्टचा उतार. भिंतीतून बाहेर जाणारे दोन्ही पाइप बाहेरच्या बाजूला फुटामागे पाव इंच झुकलेले हवेत, तोंडाला खाली वळलेली टोपी आणि पक्ष्यांची जाळी हवी. पाइप सपाट किंवा आतल्या बाजूला झुकलेले असतील तर वाऱ्याने आलेली झड थेट छतात उतरते. उतार बरोबर असूनही थेंब दिसत असतील, तर एसीच्या थंड हवेच्या पाइपावरचं इन्सुलेशन कुठे फाटलंय ते हात फिरवून शोधा.