खलनायकाच्या मागे जाणाऱ्यांना काय म्हणावे?

प्रश्न असा आहे : एक वाचक भाचीसाठी जादूच्या राज्याची मोठी गोष्ट मराठीत लिहीत आहेत. तिच्यात एक क्रूर सम्राट आहे. ‘सम्राटाचे अनुयायी वेशीपाशी जमले’ असे वाक्य लिहून झाले आणि ते त्यांनाच खटकले. ‘अनुयायी’ फार सोज्वळ वाटतो, ‘चमचे’ म्हटले की जुना हिंदी सिनेमा आठवतो. यांना एकच नेमका मराठी शब्द नाही का?

‘अनुयायी’ खटकला हे बरोबरच झाले. व्युत्पत्तीने तो कुणाच्याही मागून जाणारा. पण ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लोटणाऱ्या अनुयायांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचतो. बुद्धाचे अनुयायी, गांधीजींचे अनुयायी म्हणतो. त्यामुळे या शब्दात विचार पटल्याची खूण आली आहे. कपटी सम्राटाला तो मान कशाला द्यायचा? द्यायचाच असेल तर ज्याला सम्राटाचे म्हणणे मनापासून पटले आहे, त्याच्यापुरता ठेवा. तशी माणसे गोष्टीत थोडीच असतात, आणि तीच जास्त भयंकर असतात.

एकच शब्द मात्र मिळणार नाही. मराठीने इथे शब्दांची वाटणी माणूस कुणाच्या मागे गेला यावर केलेली नाही, का गेला यावर केली आहे.

महाभारत घ्या. युद्ध सुरू होण्याआधी युधिष्ठिर कवच-शस्त्रे उतरवून पायीच कौरवसेनेत शिरतो आणि वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. तेव्हा भीष्म त्याला सांगतात, ‘अर्थस्य पुरुषो दासः’. माणूस अर्थाचा दास असतो, अर्थ कुणाचाच दास नसतो; कौरवांनी मला अर्थाने बांधून ठेवले आहे. पुढे द्रोण, कृप आणि शल्यही हेच ऐकवतात. एवढी मोठी माणसे, आणि कारण एकच! शल्य तर पांडवांचा मामा. निघाला होता त्यांच्याकडेच; वाटेतल्या पाहुणचाराला भुलला आणि तो दुर्योधनाचा आहे हे कळेपर्यंत वर देऊन बसला. मराठीत याला मिंधा म्हणतात. हल्लीच्या राजकारणाने हा शब्द घासून गुळगुळीत केला आहे, पण त्याच्या पोटात ओशाळलेपण आहे, ते विसरू नये. मिंध्याला आपले चुकते आहे हे कळत असते. फक्त मान वर करायची सोय उरलेली नसते.

म्हणूनच कर्णाला मिंधा म्हणवत नाही. कृष्णाने जन्माचे रहस्य सांगितल्यावरही तो बाजू बदलत नाही. दुर्योधनाच्या आश्रयाने तेरा वर्षे राज्य भोगले, असे तो सरळ सांगतो, आणि त्यात त्याला लाज नाही. तो ऋणाईत. खाल्ल्या मिठाला जागणे हा वाक्प्रचार त्यालाच शोभतो. त्या मिठात द्रौपदीच्या विटंबनेतला त्याचा वाटाही विरघळून जातो, ही मात्र मिठाची नाही, आपल्या वाचनाची खोड.

आता जादूच्या राज्याकडे या. हॅरी पॉटरमधल्या वोल्डेमॉर्टच्या माणसांच्या डाव्या हातावर त्याची खूण डागलेली असते. ‘अंकित’ याचा मूळ अर्थ खूण असलेला, आणि मराठीतला रूढ अर्थ पूर्ण ताब्यात गेलेला. इथे दोन्ही लागू पडतात. ‘हस्तक’ म्हणजे दुसऱ्याचा हात होऊन काम करणारा. त्याच कथेतला पीटर पेटिग्र्यू धन्याला देह मिळवून देण्यासाठी स्वतःचा हात तोडतो, बदल्यात त्याला चांदीचा हात मिळतो आणि पुढे तोच हात त्याचा गळा आवळतो. हस्तकाची याहून चांगली व्याख्या कोशात सापडायची नाही. बगलबच्चा यापेक्षा हलका. तो मोठ्याच्या काखेत सुरक्षित राहून तिथूनच इतरांवर गुरगुरतो.

तरीही वेशीपाशी जमणारी बहुतेक मंडळी यांपैकी कुणीच नसतात. त्यांच्यासाठी मराठीत नाम नाही, पण एक झकास वाक्प्रचार आहे : तळी उचलणे. खंडोबाच्या कुळाचारात ताम्हणात विड्याची पाने, सुपारी, खोबरे आणि भंडारा ठेवतात, भोवती बसलेले सगळे मिळून ते उचलतात आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर होतो. एकट्याने उचलायची ती गोष्टच नव्हे. कुळाचारात ही एकजूट गोड वाटते. व्यवहारात ‘त्याने अमक्याची तळी उचलली’ म्हटले की बाजू घेतल्याचा ठपका येतो. सम्राटाच्या गर्दीत हेच चालते. शेजाऱ्याचा हात ताम्हणाला लागला, मग आपण मागे का? एकदा हात लागला की वजन कोण किती पेलतो आहे, हे कुणालाच दिसत नाही. गोष्टीत हा क्षण जरूर रंगवा. क्रूर सम्राटाच्या डोळ्यांतल्या ठिणग्यांपेक्षा तो वाचकाला जास्त पटेल.

भीतीने आलेल्यासाठीही चांगले नाम सुचत नाही. रामायणातला मारीच रावणाला परोपरीने समजावतो. गोड बोलणारे सदा मिळतात, कटू पण हिताचे सांगणारा आणि ऐकणारा दोन्ही दुर्मीळ, असेही बजावतो. रावण ठार मारायची धमकी देतो, तेव्हा निमूट सोन्याचा मृग होतो. त्याला हस्तक म्हणणे अन्याय आहे. ‘धाकाने गेला’ एवढेच म्हणावे. मारीचाच्या त्या वचनातले ‘गोड बोलणारे’ मात्र आपल्याकडे भरपूर : होयबा, खुषमस्करे, लाळघोटे, भाट.

तुमच्या वाक्यात कारण अजून उघड झालेले नसेल, तर ‘सम्राटाची माणसे वेशीपाशी जमली’ असे लिहा. ‘तो कुणाचा माणूस?’ हे आपण कचेरीत, गावकीत रोज विचारतो, आणि त्या ‘चा’मध्ये पगार, धाक, नाते काहीही मावते. पुढच्या प्रकरणात एकेकाचे कारण कळेल, तसा त्याला त्याचा शब्द द्या. आणि कुणा एकासाठी ‘अनुयायी’ ठेवलातच, तर अनेकवचनात ‘अनुयायींना’ नको, ‘अनुयायांना’ लिहा.