यशासाठी स्वयंशिस्त किती गरजेची? पहाटे पाचला उठायचं ठरवतो, पण चार दिवसांत बारगळतं

पहाटे उठणं म्हणजे शिस्त, हे आधी डोक्यातून काढा. आमच्या अमरावतीकडच्या वरुड भागात आठवड्यातले काही दिवस पंपाची थ्री फेज लाईन रात्रीच येते. माणूस संत्र्याला ओलित करून पहाटे घरी येतो अन् तेव्हा झोपतो. माझे मोठे भाऊ पुण्यात नोकरीला आहेत. दिवाळीला आले की ओसरीवर बसून ऐकवतात, "तुमाले शिस्त नाही, म्हणून तुमी मांगं."

शिस्त पाहायची तर आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याअखेर येणाऱ्या संत्र्याच्या फुलोऱ्याच्या, ताणात पाहा. झाडाला एकदम कळी यावी म्हणून डिसेंबरात पाणी तोडायचं, आमच्या काळ्या भारी जमिनीत महिना-दीड महिना. विहिरीत पाणी आहे, लाईन आहे, तरी बटन दाबायचं नाही. पानं मलूल होतात, गळू लागतात, भर दुपारी झाडाकडे पाहवत नाही. एका जानेवारीत भाऊ सुट्टीवर आले होते. बगीच्यात चक्कर मारली अन् भडकले, "अबे, झाडं मारतं का? सोड ना पाणी!" आईही त्यांच्याच बाजूनं. धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या शेजाऱ्यानं पाणी सुरू केलेलं, त्याची झाडं हिरवीगार. मी स्टार्टरच्या पेटीला कुलूप ठोकलं अन् किल्ली बायकोजवळ दिली, कारण माझाही हात शिवशिवत होताच.

ताण तोडून पुन्हा पाणी दिल्यावर आमच्याकडे फांदीफांदीला कळी, धुऱ्यापलीकडे नुसती नवती, म्हणजे कोवळी पालवी. भावांना फोन केला तर म्हणतात, "तुह्य नशीबच जोरावर आहे लेका." त्यांचं प्रमोशन झालं की शिस्त, माझा बहार फुटला की नशीब!

हां, बाजारभावापुढे शिस्तीचं काही चालत नाही. आमचा संत्रा बांगलादेशात जातो; २०२३ मध्ये त्यांनी संत्र्यावरचं आयात शुल्क किलोमागे ८८ टका केलं, तेव्हा नीट ताण देणाऱ्याचाही माल पडत्या भावात गेला. गारपिटीचं तर बोलूच नका. अन् हलक्या जमिनीत एवढा ताण दिला तर झाड खरंच जाते, माझं पाहून करू नका.

तुमचं म्हणाल तर मी किल्ली बायकोजवळ दिली तसा मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा, झालं. मग पाचला उठा की आठला. अन् घरात कोणी शिस्तीवर भाषण देणारा असेल तर त्याला पावसाळ्याआधी आमच्याकडे पाठवा. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर. ही बोर्डो पेस्ट डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळायचा रोग, येऊ नये म्हणून दर साल एकेका बुंध्याला मीटरभर उंचीपर्यंत वाकून फासावी लागते. भावांना दरवर्षी बोलावतो. त्यांना नेमकी तेव्हाच रजा मिळत नाही.