भाडेकरारात आकड्यांसकट उदाहरणं लिहिली तर चालतात का?

तुमचा प्रश्न असा: दादरचा फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर देताय, नंतरची कटकट नको म्हणून करारात उदाहरणं घालायची आहेत, पण वकील म्हणतात, ‘असं कुणी लिहीत नाही, बरं दिसत नाही.’

बरं दिसण्याचं म्हणाल, तर ज्या कायद्याखाली आपण करार करतो तोच उदाहरणांनी भरलेला आहे. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 29 काढून बघा. अर्थ निश्चित होत नसेल तर करार रद्दबातल, एवढं सांगून ते थांबत नाही. एकाने दुसऱ्याला शंभर टन तेल विकायचं कबूल केलं आणि कुठलं तेल हे कळायला काहीच मार्ग नाही, तर करार रद्दबातल. पण विकणारा फक्त खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल, तर करार टिकतो, कारण कुठलं तेल ते त्याच्या धंद्यावरूनच कळतं. मेकॉलेच्या आयोगाने 1837 मध्ये दंडसंहितेचा मसुदा केला, त्यातही हीच पद्धत होती. पुढे 1916 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपील न्यायालयाने सांगितलं, की कायद्यातली उदाहरणं अर्थ लावायला उपयोगी असतात, ती सहजासहजी बाजूला सारू नयेत. हे कायद्याबद्दल झालं, खासगी कराराबद्दल नव्हे. पण करारात उदाहरण लिहायला कुणी अडवलेलं नाही.

मी मुलुंडला असे करार लिहून देतो. माझ्या मते उदाहरणाचा सगळ्यात मोठा फायदा सहीच्या आधीच होतो: ते लिहायला बसलं की अटीतलं भोक दिसतं. ‘दर अकरा महिन्यांनी 5 टक्के वाढ’ घ्या. भाडं 30,000, मग 31,500. तिसऱ्या टप्प्याला मालक म्हणतो 33,075, राहणारा म्हणतो 33,000, कारण त्याने वाढ मूळ भाड्यावर धरलेली असते. अट एकच आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. महिन्याच्या 75 रुपयांसाठी तेव्हा कुणी भांडत नाही, पण डिपॉझिट परत करायच्या दिवशी अकरा महिन्यांचे 825 रुपये हमखास निघतात, आणि त्यामागून इतर जुना हिशेबही. तिन्ही टप्प्यांचे आकडे करारातच लिहिले की प्रश्न मिटला.

उदाहरण नेहमी काठावरचं घ्यावं. ‘1 तारखेला भाडं दिलं तर ते वेळेवर दिलं असं समजावे’ असलं उदाहरण निव्वळ कागद भरतं. वाद होतो लॉक-इन (ज्या मुदतीआधी घर सोडता येत नाही ती) आणि नोटीस जिथे एकमेकांना भिडतात तिथे. म्हणून असं लिहा: ‘करार 1 जानेवारीपासून, लॉक-इन 30 जूनपर्यंत, नोटीस एक महिन्याची. राहणाऱ्याने 31 मे रोजी नोटीस दिली तर 30 जूनला घर सोडता येईल, जुलैचं भाडं लागणार नाही.’ किंवा तुम्हाला ते मान्य नसेल तर उलट लिहा, पण लिहा. नोटीस व्हॉट्सॲपवर चालेल का, तेही त्याच वाक्यात.

डिपॉझिटमधून काय कापायचं, त्याचंही असंच. ‘नेहमीची झीज वगळून’ या शब्दांवर मुंबईत जेवढी भांडणं होतात तेवढी भाड्यावरही होत नसतील. फ्रेमच्या खिळ्यांची भोकं? पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीतून आलेली ओल? पहिल्याचं काय ते तुम्ही ठरवा. दुसरं राहणाऱ्याच्या माथी मारणं मला तरी अन्याय वाटतो.

वकिलांची एक शंका मात्र रास्त आहे: अट आणि उदाहरण जुळलं नाही तर? त्यासाठी एक ओळ घाला, की उदाहरणं समजण्यासाठी आहेत, त्यांची यादी पूर्ण नाही, आणि विसंगती निघाली तर अमुक ग्राह्य धरावं. बहुतेक वकील तिथे ‘मूळ अट’ लिहितात. आकड्यांच्या बाबतीत मी उदाहरण धरायला सांगतो, कारण दोघांनीही खरं वाचलेलं तेवढंच असतं.

आणि ही उदाहरणं वेगळ्या चिठ्ठीवर किंवा चॅटमध्ये ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची म्हणजे तुमची. तसा करार नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करेपर्यंत. तेव्हा एजंट अंगठे घ्यायला मशीन घेऊन येईल त्याच्या आदल्या दिवशीच मसुदा मागवा आणि तुमची तीन-चार उदाहरणं त्यात आली आहेत का ते बघा.